बिननावाचा स्पीकर

कुलदीप त्या दिवशी मोर्शीले गेला तो एका फोटोच्या कामासाठी. भूतखेत काही नव्हतं त्याच्या डोक्यात.

तुमी पोट्टे हसान, पण हे मी कुठं वाचलेलं नाही अन् कोण्या पानटपरीवर ऐकलेलं नाही. चांदूर रेल्वेचा पंजाबराव माझा जुना दोस्त, त्याचा हा पोरगा. लहानपणी माझ्या मांडीवर खेळला आहे. आता अमरावतीत राहते, कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. जे झालं ते त्यानं मले स्वतः सांगितलं, अन् शेवटचं तं मी माझ्या डोळ्यांनी पायलं. पिंकी, ती खिडकी लोटून घे. नाही, थंडीसाठीच म्हणतो.

तं मोर्शीले जानराव म्हणून एक माणूस आहे. संत्र्याचा मोठा बगीचा, गावात नवं दुमजली घर, गेटवर सिमेंटचे दोन सिंह. त्याची माय पार्बताबाई, तोंडाच्या कॅन्सरनं गेली. तिचं वर्षश्राद्ध आलं. जानरावच्या मनात आलं, पाहुणे येतील तवा मायचा फोटो बोलला पाहिजे. फोटोसमोर कोणी हात जोडले की म्हातारी म्हणन, "ये बाप्पा, सुखी राय." लोक पायतच राहतील.

म्हातारीचा आवाज होता. नात आरती पुण्यात शिकत होती, तिले आजी आजाराच्या आधी मोबाइलवर बोलून निरोप पाठवत जाय. आरतीनं ते सगळे जपून ठेवले होते. त्यातून कुलदीपनं चांगले चांगले तुकडे काढले. फोटोच्या फ्रेममागं एक छोटा कॉम्प्युटर बसवला, दिवाणखान्यात दोन स्पीकर लावले. आता फक्त आवाज कुठून काढायचा ते ठरवायचं होतं.

अशा कामाले एक लायब्ररी असते. पुस्तकांची नाही रे नितेश. दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम. आपण त्याले फक्त सांगायचं, हा आवाज घे, या स्पीकरातून काढ, एवढ्या मोठ्यानं काढ. पण आधी ती लायब्ररी मशीनले जोडलेले सगळे स्पीकर धुंडते, पडद्यावर त्यांची नावं मांडते अन् हरेकाले एक नंबर देते. तुमी नंबर निवडला की झालं. कुलदीपनं हे काम शंभर ठिकाणी केलं असन.

त्रिपुरी पौर्णिमेनंतरची दुसरी रात्र होती ती. उजाडल्यावर श्राद्ध. जेवणं झाली, जानराव अन् त्याची बायको ललिता वरच्या माळ्यावर झोपायले गेले. कुलदीप खाली दिवाणखान्यात लॅपटॉप घेऊन बसला. बाहेर चांदणं असं की गेटवरच्या सिंहाच्या मिशा दिसून रायल्या होत्या.

पडद्यावर नावं आली. शून्य नंबर, दिवाणखान्यातले स्पीकर. एक नंबर, भिंतीवरचा टीव्ही.

दोन नंबर… पुढं काहीच नाही. नाव नाही, कंपनी नाही. कोरी जागा.

त्याले वाटलं, शेजाऱ्याचा ब्लूटूथ असन. त्यानं लायब्ररी बंद करून पुन्हा चालू केली. दोन नंबर तिथंच. मंग त्यानं विचार केला, वाजवून तं पाहू. टेस्टचा एक सूर असते, नुसता "टूं" असा. शून्यावर लावला, समोरचे स्पीकर वाजले. एकवर लावला, टीव्ही वाजला. दोनवर लावला…

काही नाही.

अन् मंग घराच्या मागून, स्वयंपाकघराच्याही पलीकडून, एका बंद दाराच्या आडून आवाज आला.

"टूं."

पण उशिरानं आला. कुलदीप म्हणे, "काका, स्पीकर वाजते तसा नाही आला तो. जसं कोणी ते आधी ऐकलं अन् मंग तोंडानं म्हणून दाखवलं."

त्यानं घाईघाईनं पुन्हा शून्य नंबर लावला. म्हातारीचा आवाज सोडला. समोरच्या स्पीकरातून साफ आला, "ये बाप्पा, सुखी राय." गोड आवाज होता हो म्हातारीचा.

अन् मागून…

"हे… आ-आ… हुकी… आय."

तुमी ओठ न मिळवता "बाप्पा" म्हणून पाहा. पाहा म्हणून. येते का? नाही येत. ओठाले ओठ लागला तरच ते अक्षर होते. मागं जे कोणी बोलून रायलं होतं, त्याचे ओठ मिळत नव्हते. अन् नुसतं तेवढंच नाही. ओला आवाज. सडलेल्या संत्र्यांच्या ढिगात पाय घातला की कसा पचपच आवाज येते? तसा. प्रत्येक शब्दाआधी एक पचक. शब्द झाला की काहीतरी गळल्यासारखं, अन् ते परत आत ओढून घेतल्यासारखं.

कुलदीपच्या तोंडाले पाणी सुटलं. ओकारी येण्याआधी सुटते तसं. तो गिळायले गेला तं त्याले वाटलं, आपण हे आपलं नाही, दुसऱ्याचंच गिळून रायलो.

मंग वास आला.

कसा सांगू? घरात मेलेला उंदीर सापडत नाही तवाचा वास घ्या. त्यात नासलेलं दूध टाका. अन् त्यात दवाखान्याचं औषध. वास नाकात नाही आला त्याच्या, जिभेवर आला. तो शर्टाच्या बाहीनं जीभ पुसत उभा रायला.

स्वयंपाकघर ओलांडून तो मागच्या खोलीच्या दारापाशी गेला. दाराले बाहेरून कडी. जुनी, लोखंडी. आत कोणी माणूस कोंडलेलं असन, आजारी असन, असंच त्याले वाटलं. भल्या घरचा पोरगा आहे, तेच वाटणार. त्यानं दाराले उजवा कान लावला.

आतून, कानापाशीच…

"आ-आज… कई कल."

त्याले समजलं नाही.

"कई कल… आ-आ… कई कल…"

पचक. गळलं. ओढलं.

अन् मंग उमगलं. कमी कर. आवाज कमी कर.

तो पळत दिवाणखान्यात आला. आवाज पन्नासवर होता, वीसवर आणला. वीसचा शून्य केला. म्यूट केला. स्पीकरची वायर उपटून काढली. घरात एकही यंत्र वाजत नव्हतं.

"कई कल…"

"केला वो माय," कुलदीप रडकुंडीले आला. "सगळा बंद केला. आता काहीच वाजून नाही रायलं."

"कई कल…"

तिले जो आवाज ऐकू येत होता, तो त्याच्या मशीनमधला नव्हताच.

जिन्यावर पावलं वाजली. जानराव खाली आला, मागून ललिताबाई. तिच्या हातात पेटवलेल्या अगरबत्त्या, मूठभर. अन् जानरावच्या नाकावर दुपट्टा. मागं गाठ मारून बांधेल होता. कुलदीपनं तेच पायलं. खाली येऊन वास आला म्हणून यानं नाक नाही दाबलं. हा वरूनच बांधून आला.

"काका, मागच्या खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही. संत्र्याचे खोके आहेत." जानराव त्याच्याकडे न पाहता म्हणे, "तू असं कर, आवाज वाढव. एखादं गाणं लाव, जोराचं. वाजू दे घटकाभर. मंग ते गप होते."

"कोण गप होते?"

"लाव म्हटलं ना बाबू!"

"काका, कोण गप होते?"

 बोलली ललिताबाई.

"लग्नातही असंच केलं होतं आमी."

"तू चूप बस."

"काय चूप बसू? वर्ष झालं, चूपच आहो." तिच्या हातातल्या अगरबत्त्यांची राख तिच्या पायावर पडून रायली होती, तिचं ध्यान नव्हतं. "आरतीचं लग्न होतं, कुलदीप. दारातच मांडव. सासूबाईच्या गालाले भोक पडलं होतं. दूध पाजलं की गालातून बाहेर येत होतं. ओठ गेले होते. नवऱ्याकडचे याही लोक आले अन् म्हणाले, वास कशाचा येते? यानं मागच्या खोलीले बाहेरून कडी घातली."

"एका दिवसाचा प्रश्न होता," जानराव म्हणे. दुपट्ट्याच्या आतून.

"ती दार ठोकत होती. डीजे लावला होता, तो तिले सहन होत नव्हता. आतून कमी करा, कमी करा म्हणत होती. ती ओरडली की पाहुणे मागं पाहत. मंग हा डीजेवाल्यापाशी गेला अन् म्हणाला, वाढव. रात्रभर वाढवत होतो आमी. सकाळी नवरी वाटेले लावली अन् कडी काढली. काढली तं…"

 

अगरबत्तीच्या धुरात तो वास मिसळला अन् पहिल्याहून घाण झाला. पण कुलदीप मले म्हणे, "काका, मले त्या टायमाले वासाची किळस नाही आली. मले त्या दुपट्ट्याची आली. धुतलेला, इस्त्री केलेला, अत्तर लावेल दुपट्टा. त्याच्या आत त्या माणसाचं तोंड साबूत होतं. ओठ, दात, सगळं जागच्या जागी. अन् तो म्हणत होता, वाढव."

त्यानं वाढवला नाही. तो उठला.

"कुठं चालला? ए! कडीले हात नोको लावू. कुलदीप!"

कडी चिकट होती. बोटाले तार लागली. त्यानं डोळे मिटले अन् ओढली.

दार उघडलं.

आवाज थांबला.

आत खोके होते, थराले थर. खाट नाही, माणूस नाही. चांदणं खिडकीतून दारावर पडलं होतं. दाराच्या आतल्या बाजूले हिरवा रंग. खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, तो रंग उडेल होता. उभ्या माणसाचा हात जाते तिथं नाही. खाली. नखानं खरवडलं की उडते तसा.

कुलदीप तिथंच उंबऱ्यावर भडभडून ओकला. जेवलेलं सगळं पडलं. जानराव मागून म्हणे, "अरे, सकाळी श्राद्ध आहे, घाण केली ना सारी."

घाण केली म्हणे.

त्यानं लॅपटॉप उचलला, ते सगळं सामान तिथंच टाकलं अन् मोर्शीच्या स्टँडवर येऊन बाकड्यावर बसला. पहिली गाडी लागली तोवर तो नुसता बाहीनं तोंड पुसत होता.

श्राद्ध झालं. थाटात झालं म्हणतात. फोटो काही बोलला नाही. जानरावनं लोकांले सांगितलं, पोरगा अर्धवट होता, त्याले सेटिंग जमली नाही. दारात कर्णा लावून दिवसभर भजनं वाजवली.

कुलदीपनं आरतीले फोन केला. सगळं सांगितलं.  ती म्हणे, "मी मांडवात विचारलं होतं, आजी कुठं आहे? बाबा म्हणाले, दवाखान्यात ठेवली." बस, एवढंच. तवापासून ती माहेरी आली नाही. दिवाळीले नाही, राखीले नाही. ललिताबाई आता तिच्यापाशी पुण्याले राहते. मोर्शीच्या त्या घरात जानराव एकटा. शेजारी सांगतात, त्याचा टीव्ही रात्रभर मोठ्यानं चालू असते.

काय म्हणतं नितेश? भास? मलेही तसंच वाटलं होतं बाबू. पोरगं रात्री जागते, पडद्याकडं पाहते, झाला असन भास. त्याच्या तोंडावर नाही म्हटलं, पण मनात म्हटलं.

मंग उन्हाळ्याआधी कुलदीपचा उजवा कान दुखायले लागला. ठणका असा की जेवताना जबडा उघडत नव्हता. पंजाबराव गावाकडे, म्हणून मीच त्याले अमरावतीतच राजापेठेत कानाच्या डॉक्टराकडे घेऊन गेलो. डॉक्टरानं बॅटरी लावून पायलं, म्हणे, आत काहीतरी आहे. बारीक चिमटा घातला. कुलदीपनं माझं मनगट धरलं होतं.

डॉक्टरानं चिमटा बाहेर काढला अन् हसला. "लग्नाले गेल्ते का कुठं? अक्षता आहे. कोणीतरी जोरानं फेकली वाटते."

कुलदीप त्या वर्षी एकाही लग्नाले गेला नव्हता.

डॉक्टरानं तो दाणा पांढऱ्या कापसावर ठेवला. तांदूळ. हळदीनं पिवळा झालेला. मी वाकून पायला.

ओला होता.

डॉक्टरानं कापूस नाकापाशी नेला… अन् तोंड फिरवलं.