नव्व्याण्णव गुणांचा हात

‘गतिसुलभ’ कंपनीच्या प्रयोगशाळेत हेमांगी बर्वे दुचाकीच्या हँडलवर अंगठ्याची नवी कळ बसवत होती, तेवढ्यात डॉ. सादिया मुल्ला आत आल्या. त्या मज्जाविकारतज्ज्ञ, ही कळ बनवताना हाताच्या नसा त्यांनीच हेमांगीला समजावून दिल्या होत्या. आज मात्र त्या बसल्या नाहीत.

“दामोदर तांबट. ओळखता?”

“दामूकाका? ओळखते की. भांड्यांवर नावं घालतात.”

“त्यांना कंपवात आहे. वर्ष तरी झालं असावं. इतके दिवस का आला नाहीत विचारलं, तर म्हणाले, गाडीच सांगते हात नव्व्याण्णव टक्के ठणठणीत, मग डॉक्टरकडे कशाला?”

हेमांगीनं हातातला पाना खाली ठेवला.

मूठ पिळून रेस देताना दामूकाकांचं मनगट दुखायचं. म्हणून तिनंच त्यांच्या विजेच्या दुचाकीची मूठ काढून अंगठ्याची कळ बसवली होती. ब्रेकपासून बोटभर दूर, किंचित खाली झुकवून, स्प्रिंग मऊ करून. पुढचं काम हातठशाच्या यंत्राचं. कळीवरचा अंगठ्याचा दाब ते सतत मोजतं, एका आदर्श हाताच्या नोंदवलेल्या ठशाशी ताडून पाहतं, आणि जिथे फरक पडेल तिथे वेग सावरून घेतं. फरक कमी, तेवढे शंभरपैकी गुण जास्त, आणि ते गाडीवरच दिसतात. काकांचे गुण नव्वदावरून चढत चढत नव्व्याण्णववर गेले, तेव्हा ती कौतुकानं म्हणाली होती, “असा हात मी पाहिला नाही, काका.” त्यानंतर अक्षरं वाकडी यायला लागली, तर काकांनी आधी कोरणीची सुई बदलली, मग चष्मा. हातावर त्यांनी शंका घेतलीच नाही.

“यंत्रानं त्यांचा कंप झाकला असेल,” हेमांगी हळूच म्हणाली.

“झाकला असता तर आधी फरक दिसला असता. गुण उतरले असते. यांचे तर चढलेत. बाकीच्यांचे दाखवा बघू.”

दोन हजार गाड्यांच्या नोंदी पडद्यावर आल्या. ब्याण्णवच्या वर कुणीच नव्हतं. आणि सगळ्यांचे गुण एकाच कारणासाठी कापलेले.

“यांच्या दाबात एक बारीकशी लहर कमी पडते,” हेमांगी म्हणाली. “सगळ्यांच्याच.”

“लहर नाही ती, थरथर आहे. निरोगी हातात ती नाही, म्हणून त्यांचे गुण जातात. तांबटांच्या हातात ती आली, म्हणून त्यांचे वाढले. तुमचा आदर्श हातच थरथरतो आहे, हेमांगी. कुणाचा आहे तो?”

“माझा.”

सादियांनी तिला हात पुढे करायला लावले आणि ताठ बोटांवर एक कागद ठेवला. कागद जराही हलला नाही.

“तुम्हाला काही झालेलं नाही. ठसा कोणत्या दिवशी घेतला होता?”

तारीख पडद्यावर होतीच. हेमांगीनं मनात तिथी मोजली आणि तिचा चेहरा उतरला. भाद्रपद शुद्ध तृतीया. हरतालिका. पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि दुपारी चारला ती चाचणीला बसली होती.

“उपास होता. निर्जळी.”

“मग नोंदीत का लिहिलं नाहीत?”

“आपलं व्रत मिरवू नये असं वाटतं मला.”

“मिरवणं वेगळं आणि नोंद वेगळी. भुकेची थरथर आणि आजाराची थरथर मी ओळखू शकते. तुमच्या यंत्राला नुसती थरथर कळते.”

यंत्राला माहीत असलेला निरोगी हात एका उपाशी बाईचा होता. त्या दिवशी देवापुढे बसून तिनं सगळ्यांचं कल्याण मागितलं होतं, हेही तिला आठवलं, आणि तिनं मान खाली घातली.

तीस माणसांचे हात भरल्या पोटी मोजून नवा ठसा तयार व्हायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी ती काकांच्या दुकानात गेली. काहीही न लपवता तिनं सगळं सांगितलं. काका डबा पुसत ऐकत होते.

“म्हणजे मी आजारी पडत गेलो, तसतसा तुमच्यासारखा होत गेलो म्हणायचं.”

“उपासातल्या माझ्यासारखा. चूक माझी आहे, काका.”

तिनं त्यांच्या गाडीत नवा ठसा भरला. काकांनी कळीवर अंगठा ठेवला. एक्केचाळीस.

“पास आहे ना?” काका म्हणाले.

तिला हसता आलं नाही. “कळ मऊच राहील. आता कंपही सावरला जाईल. डॉक्टर परवानगी देतील तोवर चालवा. गुणांचा आकडा मी बंद करते.”

“कशाला? दिसू दे. वर्षभर लोकांच्या घरी वाकडी नावं गेली, ताई. रुखवताची, बारशाची. एका शब्दानं कुणी बोललं नाही.” त्यांनी डबा खाली ठेवला. “चैत्रात तुमचा पूजेचा तांब्या केला होता मी. त्यावर नाव कसं आलंय?”

तो तांब्या रोज सकाळी तिच्या हातात असे. ‘हेमांगी’तल्या ‘हे’ची मात्रा थरथरत गेलेली तिनं पहिल्याच दिवशी पाहिली होती. म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नव्हती, आणि त्याच आठवड्यात त्यांचे गुण पाहून निश्चिंत झाली होती.

“वाकडं आलंय, काका.”

“तेव्हाच सांगायचं होतंत,” काका म्हणाले.