तांबट आळीची काच

सांगते, पण मध्ये बोलू नका. काम तसं साधं होतं. जुनं नाशिक आणि आजचं नाशिक असं एक प्रदर्शन भरायचं होतं, त्यासाठी माझ्या स्टुडिओत तांबट आळीची दीडशे वर्षांपूर्वीची काच आली. तेव्हा फोटो काचेवर घ्यायचे. भिंग दीड मिनिट उघडं ठेवायचं, आणि तेवढ्यात जो हलला तो पुसला जायचा. म्हणून त्या फोटोत भर बाजारातली आळी ओस दिसते. एकच माणूस ओट्याजवळ ताठ उभा आहे, टोपीची शिवण दिसावी इतका स्पष्ट.

मला तसल्याच जुन्या कॅमेऱ्याने, त्याच जागी माणूस उभा करून फोटो हवा होता. सकाळी सातला धाकट्या भावाला, राकेशला, नाशिक रोडहून ओढत आणलं. तिथेच चुकलं माझं. तीस वर्षांचा घोडा झाला, तरी जेवतानासुद्धा याचा गुडघा हलतो!

पहिली काच वाया. दुसऱ्या वेळी त्याने कान खाजवला. तिसऱ्या वेळी म्हणे, "ताई, झालं का गं?"

"तोंड बंद! शेवटची काच उरलीय. आता हललास ना, तर याद राख!"

मी भिंगाचं टोपण काढलं आणि दुकानांतली हातोड्यांची ठोकठोक थांबली. चिंचेने घासलेल्या भांड्यांचा आंबट वास दाटला. राकेश हलला नाही. पापणीसुद्धा लवली नाही... मला इतकं हायसं वाटलं, की त्याचं नवलही वाटलं नाही. टोपण लावलं. ठोकठोक पुन्हा सुरू झाली.

"शाब्बास! चल, मिसळ खाऊ."

"चला," तो हळूच म्हणाला.

चला? मला अहोजाहो? जन्मात कधी नाही!

त्यानंतर राकेश घरी नीट आहे. जेवतो, विचारलं तेवढं बोलतो. गुडघा हलत नाही. आई खूश आहे, पोरगा सुधारला म्हणून. मला त्याच्या शेजारी बसायची भीती वाटते.

चौथ्या दिवशी जुनी काच परत द्यायला काढली, उजेडाला धरली. आळी तशीच ओस होती. ओट्याजवळचा माणूस मात्र अस्पष्ट झाला होता. एक हात कानाशी, आणि गुडघ्याच्या जागी नुसता धूर.

काच मी परत दिलेली नाही. रोज पाहते. रोज तो आणखी थोडा पुसला गेलेला असतो. दार लावून, काचेशी तोंड नेऊन मी सांगते, "राक्या, हलू नकोस रे... पाया पडते तुझ्या, हलू नकोस..."

पण माझं त्याने कधी ऐकलंय?