फ्लेक्झिबल पाइपात नसलेली वायर

पहिल्यांदा तो दिसला तो असा, डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक! यावलच्या गिरणीच्या दारात कोकिळा पिठाचं पोतं झटकत होती आणि जळगावचा वायरमन नेमका तेव्हाच आत शिरला.

"स्वागत झालं," रुपचंद डोळे पुसत म्हणाला. "आता मोटार दाखवा."

कोकिळेला हसू आवरेना. आणि काळजात काहीतरी लक्कन हललं, ते वेगळंच.

तिचे वडील तोतारामआबा दीपनगरच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले. डिझेल इंजिन काढून गिरणीला मोटार बसवत होते. विजेचे नियम कोकिळेने लहानपणापासून भाकरीबरोबरच खाल्लेले, म्हणून काम तपासायचं आबांनी तिच्यावर सोपवलं. मग काय विचारता!

"फ्लेक्झिबल पाइप एवढा लांब? तो मोटारीजवळच हवा. भिंतीवर कडक पाइप टाका."

दुसऱ्या खेपेला— "पाइपाचा वाक फार आवळलाय. आत वायर सोलवटेल."

तिसऱ्या खेपेला— "क्लिपा लांब लांब बसवल्यात. पाइप लोंबतोय."

"पाइप लोंबतोय... की तुम्ही मला लोंबकळत ठेवताय?"

कोकिळा लाजून लालेलाल झाली. खरं सांगायचं तर क्लिपा ठीकच होत्या. पण तो एसटीत बसून गेला, की तिला गिरणी खायला उठायची. त्याला ती तरी काय करणार?

अन् मग तो दिवस उजाडला. संध्याकाळी सावद्याचे पाहुणे तिला बघायला येणार होते. काम संपणार, रुपचंद जाणार, आणि आपण अनोळखी माणसांपुढे मान खाली घालून बसणार... देवा, एक तरी चूक सापडू दे रे!

तिने मोटारीजवळच्या पेटीचं झाकण उघडलं. आणि चूक खरंच सापडली. फ्लेक्झिबल पाइपात अर्थिंगची वेगळी वायरच नव्हती!

तिचं डोकं सणकलं. "अर्थिंगसाठी नुसत्या धातूच्या पाइपावर भरवसा ठेवलात? तो सैल होतो, निसटतो! उद्या माझी आई ओल्या हाताने मोटारीला शिवली तर?"

"मोटार सुरूच होणार नाही." त्याने खिशातून फ्यूज काढून दाखवला. "मुद्दाम ठेवली ती चूक. तुम्ही शोधून काढणारच... मग उद्या परत यायला मिळालं असतं."

"आणि आज संध्याकाळी माझं लग्न ठरलं असतं तर? पाहुणे येताहेत."

रुपचंदचा चेहरा खर्रकन उतरला. "मला तुम्ही फार आवडता," तो कसाबसा म्हणाला. "पण एवढ्या चुका काढायच्या... वाटलं, मी तुम्हाला पसंत नाही."

"खुळेच आहात! पसंत नसता, तर पहिल्याच खेपेला काम पास केलं असतं!"

तो बघतच राहिला.

"बघताय काय? आधी वायर ओढा, मग आबांशी बोला."

त्याने वायर ओढली, दोन्ही टोकं घट्ट आवळली, फ्यूज बसवला. आबांनी येऊन हात फिरवून पाहिला. "बठ्ठं बरोबर हाये, काही बाकी नाई."

"आबा... आणखी एक होतं," रुपचंद म्हणाला, आणि एका दमात सगळं बोलून मोकळा झाला.

आबांनी मिशीला पीळ दिला. "जळगावात मेहरूणच्या कमलबाईचा पोऱ्या ना तू? मानसं ओळखीची हायेत." मग लेकीकडे वळले. "अन् सावद्याच्या पाव्हन्यायले काय सांगू वं?"

कोकिळेची मान खाली होती, पण आवाज खणखणीत.

"पोहे खाऊ घाला, आबा. पोरगी मात्र दिली म्हणा."