नळीवरचा चिमटा

जेवायला उठताना सासरे म्हणाले, "जेवणानंतर दोघींची यंत्रं पूर्ण ताकदीनं चालवू. जिचं थंड राहील, तिच्या हाती कारखान्याच्या किल्ल्या." आणि ते शांतपणे हात धुवायला गेले.

थोरल्या सुनेच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पाण्यानं थंड होणारे कॉम्प्युटर जुळवायचा हा कारखाना तिनं सासऱ्यांच्या बरोबरीनं उभा केला होता. नळ्या कापून कापून बोटांना घट्टे पडले होते. आणि ही धाकटी जाऊ, कालपरवा लग्न होऊन आलेली! सासऱ्यांनी धाकटीचं कौतुक केलं की थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि कौतुक तर ऊठसूट चाललेलं असायचं.

तिनं आपल्या पंपाचा वेग पार वरपर्यंत चढवला. नळ्या घोंघावू लागल्या.

"ताई, पाणी कितीही पळवलंत तरी एका मर्यादेपुढे काही फरक पडत नाही हो," धाकटी म्हणाली. "थांबलं तर मात्र संपलंच."

"मला नको शिकवूस."

नळ्यांतली हवा निघून जावी म्हणून पंप चालूच ठेवून सगळे जेवायला गेले. थोरली मागे राहिली. पाणी भरताना नळी दाबून धरायला रबरी दातांचा एक चिमटा असायचा, तो तिनं उचलला आणि धाकटीच्या यंत्रामागची नळी चपटी होईपर्यंत आवळला. समोर काचेच्या डबीत पाण्याबरोबर फिरणारं लाल चाक थांबलं. थोरलीला कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

चाचणी सुरू झाली. धाकटीच्या यंत्राचा तापमानाचा आकडा भराभर चढू लागला. तिनं थांबलेल्या चाकाकडे पाहिलं, मग थोरलीकडे. नळीभोवती तिनं फक्त मूठ वळली.

चाक हललं. थांबलं. पुन्हा हललं.

आकडा उतरू लागला.

थोरलीनं काहीतरी शोधायचं निमित्त करून यंत्रामागे हात घातला. चिमटा जागच्या जागी होता. नळी तशीच चपटी होती.

सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही यंत्रांना तळवा लावून पाहिला. "धाकटीचं थंडगार!" म्हणत त्यांनी किल्ल्या तिला दिल्या. गळा आवळला तरी हीच जिंकते, या विचारानं थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. चारचौघांत बरं दिसावं म्हणून तिनं धाकटीचा हात हाती घेतला.

हात बर्फासारखा होता. मनगटावर चिमट्याच्या दातांचे ताजे वळ उठले होते. थोरलीनं नाडी चाचपली. पुन्हा चाचपली. लागली नाही.

डबीतलं चाक नाडीच्या ठेक्यात हलत होतं, थांबत होतं, हलत होतं.

"ताई," धाकटी अगदी हळू म्हणाली, "आता हा पंप चालू राहू द्या."

दारातून सासऱ्यांनी हाक दिली, "थोरले, यंत्रं बंद कर आणि या दोघी."

थोरलीनं आधी आपलं यंत्र बंद केलं. घोंघाट थांबला. मग तिनं दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं. धाकटीच्या मुठीत किल्ल्या होत्या.

थोरलीनं बोट उचललं नाही.

डबीतलं लाल चाक धास्तावल्या काळजासारखं भराभर फिरू लागलं.