मागचं डावं रबर

जरा जवळ सरका, मोठ्यानं सांगायची गोष्ट नाही ही. आमच्या छापखान्यात एक मशीनवाला होता. मनानं सरळ, पण प्रत्येक काम पुढं ढकलायची खोड. म्हणून आम्ही त्याचं नावच ‘उद्यावाला’ पाडलं होतं.

त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या डाव्या फूटरेस्टचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. बायको एका बाजूला बसायची, एक पाय त्या रबरावर, दुसरा लोंबकळता. अहो, पाय सरकतो, तेवढं बदलून घ्या, असं ती वर्षभर सांगत होती. हा ‘उद्या बघू’ म्हणायचा. एका रात्री पुलाजवळच्या वळणावर तिचा पाय सरकला. पडली ती उठलीच नाही.

त्यानंतर अकरा वर्षं गाडी ताडपत्रीखाली. गेल्या मार्चात त्याच्या मनानं काय घेतलं कोण जाणे, गाडी दुरुस्तीला टाकली. उभ्या गाडीचं रबर जास्तच कुजतं. मेकॅनिकनं हँडलच्या मुठी, गिअरचं रबर, टाकीखालचे रबरी गट्टू, झाडून सगळं बदललं. मागचं डावं रबर तेवढं उद्यावाल्यानं स्वतः बसवलं. बसवताना ढसाढसा रडला. मेकॅनिक बिचारा पाना शोधायचं निमित्त करून बाहेर गेला.

मंगळवारची रात्र. नऊ वाजून वीस मिनिटं. दुरुस्त झालेली गाडी घेऊन हा एकटाच घरी निघाला. पुलाजवळचं वळण आलं... आणि गाडी मागून दबली. कुणी बसल्यावर दबते, तितकीच.

त्यानं वळून पाहिलं नाही. आरशातही नाही.

खांद्यावर हात आला. गार. ओळखीचा.

“रबर बदललंय गं,” तो म्हणाला.



“आज पडणार नाहीस. घरी नेतो.”

गाडी अगदी हळू. एकेक खड्डा चुकवत. खांद्यावरची बोटं आवळत गेली... आवळतच गेली. घर आलं. इंजिन बंद केलं. तो तसाच बसून राहिला. मग गाडी मागून उचलली गेली... हलकी झाली.

आता त्यानं पाहिलं. कुणी नाही. दाराला कुलूप. किल्ली लावली. दिवा लावला...

नवं रबर पाकिटातून काढलं की त्यावर पांढरी पावडर असते. ती पुसायची राहून गेली होती. आत फरशीवर त्या पावडरीचे ठसे होते, मी स्वतः पाहिलेत. एकाच अनवाणी पायाचे, दोन-दोन पावलांच्या अंतरानं. उंबऱ्यापासून आतल्या खोलीपर्यंत.

बाहेर येणारा एकही नाही.