चार बोटं वर

धाकटी लव्हाळा कापायला होडी घेऊन निघाली तेव्हा दिवस चांगला वर आला होता, पण पाणथळीवरचं धुकं काही हटत नव्हतं. ही कापून आणायची आणि घरी थोरली बहीण चटया विणायची. दोघींचं पोट त्या लव्हाळ्यावरच होतं.

इतकं गुणी रोप धाकटीने दुसरं पाहिलं नव्हतं. काडी चिमटीत फिरवली की तिच्या तीन धारा बोटांना लागायच्या. वारा आला की सगळं रान वाकायचं, गेला की जागच्या जागी ताठ. बुडाशी मासे अंडी घालायचे, मध्ये पाणकोंबड्या घरटी बांधायच्या. जन्मभर चिखलात उभं राहायचं आणि वर एवढ्यांना सांभाळायचं, याचं तिला फार कौतुक वाटे.

दोघींना वाढवलं आत्याने. कापायला शिकवलं तेही तिनेच. "पाण्याच्या वर चार बोटं खुंट ठेवायचा. मूळ असतं चिखलात, पण श्वास काडीतून घेतं गं. पाण्याखाली कापलंस तर गुदमरेल बिचारं." आत्याच्या डाव्या हाताची करंगळी विळ्याने गेली होती. "उरली चारच. देवाने माप हातालाच लावून दिलंय," म्हणत ती स्वतःच हसायची. गेल्या साली ती याच पाण्यात गेली आणि सापडलीच नाही.

आज दुकानदाराला नेहमीपेक्षा लांब चटया हव्या होत्या. धाकटीने इकडेतिकडे पाहिलं. धुक्यात बघणार कोण? कोपरापर्यंत हात बुडवून तिने एक ठोंब पार बुडाशी कापला. मग दुसरा. असे सात झाले.

पाण्यावर बुडबुडे आले. ते थांबेनात. मग सातही ठिकाणांहून एकदमच आवाज आला. कुणीतरी श्वास घ्यायला धडपडत होतं आणि तो मिळत नव्हता.

"आत्या...?"

बुडबुडे थांबले. धाकटीने घर कसं गाठलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

थोरलीने काड्या हातात घेतल्या. "एवढ्या लांब कशा गं?"

"यंदा उंच वाढल्यात..."

"धाकटे, कुठून कापल्यास?"

धाकटीने मान खाली घालून सगळं सांगितलं. थोरलीने काड्या बाजूला ठेवल्या. "सकाळी जा. ठोंब उचलून खाली चिखल भर, खुंट वर काढ. रान मेलं तर आपण विणायचं काय?" मग हळूच म्हणाली, "आणि तिचं काय... ती तिथेच आहे ना."

दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं. धाकटी कमरेएवढ्या पाण्यात उतरली. पहिला ठोंब उचलून तिने खाली चिखल थापला. खुंट पाण्याबाहेर आले आणि त्यांतून एक लांब, निवांत उसासा तिच्या तोंडावर आला. ती दुसऱ्याकडे वळली.

दुसरा आधीच वर आलेला होता. तिसराही. सगळेच. तिने बोटं लावून पाहिली, बरोबर चार. ठोंबांच्या बुडाशी पाण्यावर आलेल्या चिखलात डाव्या हाताचे ठसे होते, करंगळी नसलेले. धाकटीला रडू फुटलं. केवढी ही माया, आणि आपण काय केलं!

डोळे पुसून ती होडीकडे निघाली. वाटेत तो पहिला ठोंब होता, तिने स्वतः उचललेला. तिने थापलेल्या चिखलावर कुणीतरी पुन्हा हात दाबला होता. त्या ठशांत पाणी अजून भरत होतं.