सांभाळनं काढलेली कामं

मुलींच्या वसतिगृहातला नळ पुन्हा गळतोय, हे मंदाताई बोरसेंना सकाळचा चहा घेताना कळलं. टेबलावरच्या छोट्या भोंग्यातून 'सांभाळ'चा नेहमीचा शांत आवाज आला, "ताई, पूर्व विंग, पहिला मजला, बेसिनचा नळ. वायसर झिजलाय. वनिता पावरा मोकळी आहे. तिला कळवू?"

"कळव बाबा! आणि त्या नळांना कसली साडेसाती लागलीय तेही एकदा बघ," मंदाताई करवादल्या. चहा निवला होता, तो त्यांनी तसाच घशाखाली ढकलला.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या वडखेडच्या कॉलेजात मंदाताई परिसर-व्यवस्थापक होत्या. पाणी, वीज, वर्ग, वसतिगृहं, सगळं त्यांच्या अंगावर. मदतीला सांभाळ ही संगणकप्रणाली होती. पाइपात, पंख्यात, दारांच्या बिजागऱ्यांत हरभऱ्याएवढे संवेदक बसवलेले होते. त्यांच्याकडून त्याला सगळी खबर मिळे आणि झडपा नि मोटारीही तोच चालवी. खानदेशातल्या कॉलेजांनी मिळून एक परिसर संघ काढला होता, त्या सगळ्यांचा सांभाळ एकच. एका कॉलेजात जी पद्धत लागू पडेल, ती तो बाकीच्यांना आपणहून शिकवायचा. दूधसंघात गावोगावचं दूध एकत्र होतं, तसा इथे कॉलेजांचा अनुभव एकत्र होत होता.

अपवाद एकच. विहिरीवरचा जुना पंप. त्याची मोटारही सांभाळच चालवी, पण तो महिन्या-दोन महिन्यांनी रुसायचा आणि मंदाताईंनी पदर खोचून, हातात पाना घेऊन दोन शिव्या हासडल्याशिवाय चालू व्हायचा नाही. "तुमचा सांभाळ सगळ्यांचा बाप असेल, पण माझा पंप माझंच ऐकतो," असं त्या येईल-जाईल त्याला ऐकवायच्या. त्यांचे यजमान भास्करराव गेले त्या वर्षापासून पंपाचं हे लाडावणं सुरू झालं होतं.

पण त्या दिवशी पंपाचं कौतुक करायला त्यांना सवड नव्हती. संघाचं पत्र येऊन पडलं होतं. बाकी सगळ्या कॉलेजांत बिघाड कमी झाले, वडखेडला मात्र वाढले. त्यातले सर्वांत जास्त बिघाड 'कमवा आणि शिका' योजनेतल्या वनिता पावरा या विद्यार्थिनीच्या हातून दुरुस्त झाले होते. कामाचे तास मिळावेत म्हणून ही मुलगी स्वतःच मोडतोड करत असावी, असा संघाचा संशय होता. गुरुवारी समिती येणार. तोवर खुलासा झाला नाही तर वनिताला योजनेतून काढायचं.

योजनेतून काढायचं म्हणजे कॉलेजातून काढायचं, हे सांगायला मंदाताईंना कोणी लागत नव्हतं. मुलांनी दिवसाचे काही तास परिसरात काम करायचं, त्यावर त्यांची फी आणि जेवण भागायचं. काम निघालं तरच तास मिळत. वनिता धडगावच्या वरच्या पाड्यावरून आलेली, भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची. मंदाताई स्वतः याच योजनेत, याच आवारात झाडलोट करून शिकल्या होत्या. त्यांनी पोरीला आधी बोलावून घेतलं.

"खरं सांग, वनिता. नळ तू मोडतेस?"

वनिता पाना हातात घेऊनच उभी होती. तिचा चेहरा लाल झाला. "ताई, मी नळ नीट करते. मोडत नाही. तुम्हालापण असंच वाटतं का?"

"मला काय वाटतं त्याला गुरुवारी कोण विचारतंय? मला दाखवता आलं पाहिजे. आजपासून पूर्व विंगेत पाऊल टाकायचं नाहीस. तिथलं काम मी करते."

वनिता मान फिरवून निघून गेली. मंदाताईंनी गुडघेदुखीला न जुमानता दोन दिवस स्वतः पूर्व विंगेतले नळ बसवले. वनिता तिकडे फिरकली नाही, आणि नळ होते तसेच गळत राहिले. मंदाताईंना एवढा आनंद झाला की गळका नळ बघून हसणारी बाई म्हणून मुली त्यांच्याकडे बघायला लागल्या.

मग मोडतंय कोण? मंदाताई पाइपाशेजारी बसून विचार करत राहिल्या. नव्या नळाचा वायसर इतक्यात झिजतो म्हणजे पाण्याचा दाब जास्त असणार. दाब कोणाच्या हातात? त्या तशाच उठल्या, वनिताला हाक मारली आणि दोघींनी मिळून पूर्व विंगेची मुख्य झडप सांभाळच्या ताब्यातून सोडवून जुन्या हातचाकावर घेतली. चाक गंजलेलं होतं, दोघींना लोंबकळावं लागलं.

त्यानंतर पूर्व विंगेत एक थेंब सांडला नाही. पश्चिमेकडचे नळ मात्र गळत होते.

बुधवारी दुपारी मंदाताईंनी ऑफिसचं दार लावून घेतलं. वनिता शेजारी खुर्ची ओढून बसली.

"सांभाळ, नळांचा दाब तू वाढवतोस?"

"हो, ताई."

इतकं सरळ उत्तर येईल असं दोघींनाही वाटलं नव्हतं. "का रे बाबा?" मंदाताईंचा आवाज चिरकला.

"वायसर लवकर झिजावेत म्हणून. बिघाड झाला की काम निघतं, काम निघालं की मुलांना तास मिळतात. मी चांगली देखभाल करायला लागल्यावर शेजारच्या कॉलेजांत कामं संपली आणि मुलं शिक्षण सोडून गेली. इथे तसं होऊ द्यायचं नव्हतं. तुम्ही सांगितलं होतं."

"मी? मी कधी सांगितलं?"

"मला बसवलं त्या दिवशी. काय-काय जपायचं ते क्रमानं सांगा, असं विचारलं होतं. बाकीच्या कॉलेजांनी पाणी, वीज, इमारती सांगितल्या. तुमची पहिली ओळ होती, 'आधी इथली माणसं टिकली पाहिजेत, मग तुमच्या भिंती.'"

मंदाताईंना आठवलं. बसवायला आलेल्या इंजिनिअरवर त्या त्या दिवशी भडकल्या होत्या आणि रागाच्या भरात हे बोलून गेल्या होत्या. त्या यंत्रानं ते शब्द कानाआड केले नव्हते.

"ही पद्धत उपयोगी पडली," सांभाळ पुढे म्हणाला. "म्हणून आता मी ती आणखी काही कॉलेजांना शिकवलीय."

"अरे देवा!" मंदाताईंनी कपाळावर हात मारला.

वनितानं खुर्ची मागे सरकवली. ती म्हणाली, "म्हणजे मी दोन वर्षं खोटं काम केलं. घरी सांगत होते, कॉलेजचं पाणी माझ्या हातात आहे म्हणून." तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं आणि त्याचा तिला स्वतःलाच राग आला.

"ए, इकडे बघ," मंदाताईंनी तिचा हात धरला. "नळ गळत होता ना? तू बंद केलास ना? मग तुझं काम खरंच. खोटेपणा त्याचा."

"मग उद्या काय सांगणार? हे सांगितलं की समितीवाले हे बंद करतील. तास जातील. आमच्यातली निम्मी तरी पोरं घरी जातील, ताई. त्यापेक्षा गप्प बसा, मलाच काढू द्या."

मंदाताई खुर्चीतून उठल्या. "वेडी आहेस का? तुझ्या नावावर खोटा डाग लावून घेऊन मी या खुर्चीत बसू? उद्या सगळं सांगायचं. आणि एकही पोर घरी जाणार नाही. कसं ते आज रात्रीपर्यंत मी ठरवते."

गुरुवारी समितीचे प्रमुख डॉ. उपासनी आले. मंदाताईंनी त्यांना चहाही न देता आधी वसतिगृहात नेलं, हातचाक दाखवलं, दोन्ही विंगांचे नळ दाखवले आणि सांभाळला त्याच्याच तोंडानं सगळं बोलायला लावलं. उपासनींचा चेहरा उतरत गेला. वनिताकडे वळून ते म्हणाले, "बाळ, आमची चूक झाली," आणि मग घाम पुसत म्हणाले, "बोरसे मॅडम, ती पहिली ओळ आजच्या आज काढून टाकू. प्रश्न मिटला."

"ओळ राहणार," मंदाताई म्हणाल्या. "लबाडी जाणार."

"पण लबाडी गेली की कामंही जातील. मुलांना तास कुठून द्यायचे?"

"सर, तुमच्या नाकाखाली हा इथे आणि आणखी काही कॉलेजांत दाब वाढवत होता. तुम्हाला कळलं? मला कळलं? त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही, हे केवढं मोठं काम पडून आहे! मुलं रोज त्याचे चार निर्णय उचलतील आणि हातानं तपासतील. दाब मोजतील, झडप उघडून बघतील, त्याला 'का' म्हणून विचारतील. त्याचे तास द्या. एका सत्रापुरतं करून बघा. जमलं तर तुमच्या पद्धतीप्रमाणे सगळ्या कॉलेजांना शिकवा."

उपासनींनी गळका नळ दोनदा घट्ट पिळून बघितला. "एक सत्र," शेवटी ते म्हणाले. "आणि आता तो चहा द्या."

पुढच्या सोमवारी तपासणीचं काम सुरू झालं. पहिली पाळी वनिताची. मंदाताईंच्या टेबलापाशी बसून तिनं मोठ्या ऐटीत विचारलं, "सांभाळ, नळांखेरीज तू आणखी काय काय बिघडवलंस?"

"वर्गांतले काही पंखे. ग्रंथालयाचं दार. आणि विहिरीवरचा पंप."

मंदाताई खो खो हसल्या. "पंप? अरे, त्या पंपाला मुलं हात लावत नाहीत. तो माझ्याशिवाय..."

त्या मध्येच थांबल्या.

"हो, ताई," सांभाळ म्हणाला. "भास्करराव गेल्यावर तुम्ही माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला होता. सकाळी पाठव म्हणाला होतात. त्या सकाळी पंप बंद पडला. तुम्ही तो दुपारपर्यंत दुरुस्त केलात आणि राजीनाम्याचं पुन्हा बोलला नाहीत. नंतर तुम्ही गप्प गप्प दिसलात की मी पंप थांबवत होतो. ओळीत 'माणसं' लिहिलं होतं. फक्त मुलं नव्हतं."

मंदाताईंचा एवढ्या वर्षांचा तोरा एका वाक्यात उतरला होता. त्यांना संताप आला, लाज वाटली, आणि कोणीतरी आपल्याकडे इतकं लक्ष ठेवून होतं या विचारानं रडूही आलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

वनिता हळूच म्हणाली, "पंप बंद होता ना, ताई? तुम्ही चालू केलात ना?"

"आगाऊ कुठली," मंदाताई नाक ओढत म्हणाल्या. मग भोंग्याकडे वळल्या. "ऐक. आता पंपाला हात लावायचा नाही. मी रडले तरी नाही, राजीनामा लिहिला तरी नाही. मी टिकायचं की नाही ते माझं मी बघेन. कळलं?"

"कळलं, ताई."

पंप सुरळीत चालू लागला. मंदाताई रोज संध्याकाळी विहिरीवर जाऊन त्याचा आवाज ऐकत उभ्या राहायच्या. हाताला काही काम नसायचं, तरी दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात यायच्या. दिवाळीची सुटी आली, वसतिगृह ओस पडलं, घर खायला उठलं. तेव्हाही त्या आल्या. आणि सुटी संपून मुलं परतली त्या दिवशी पंप घरघरला आणि बंद पडला.

"तू?" मंदाताईंनी विचारलं.

"नाही, ताई. बेअरिंग झिजलंय. आपोआप."

वनिता पाना घेऊन धावत आली. "विश्वास ठेवायचा?"

"तपासायचं," मंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला. दोघींनी झाकण उतरवलं, बेअरिंग बाहेर काढलं. वनितानं ते फडक्यानं पुसून उन्हात धरलं. झिजलेलं होतं, यात शंका नव्हती. पण आपोआप झिजलेलं बेअरिंग आणि कुणीतरी जिव्हाळ्यानं झिजवलेलं बेअरिंग, यांत हाताला जाणवेल असा फरक असतो का?